वेतन आणि वैराग्य

वयाच्या अठराव्या वर्षी तालुक्याच्या गावातील एका लहानशा छापखान्यात मी खिळे जुळविण्याचे काम करीत असे. शिशाच्या खिळ्यांनी बोटांची टोके काळवंडत, घरी आल्यावर राखेने घासली तरी नखांच्या कडांतील काळी रेघ काही जात नसे, आणि का कोण जाणे, त्या रेघेचा मला मनातून अभिमानही वाटे. महिन्याच्या सात तारखेला पगार होई. मालक कपाटातून लाल कापडी बांधणीचे पगारपत्रक काढीत, महसुली तिकीट चिकटविलेल्या जागेवर बोट ठेवीत आणि मी तेथे सही करी. पहिले चार महिने मी सहीची जागा तेवढी पाहिली. पाचव्या महिन्यात, दुसऱ्यांचा मजकूर अक्षर न् अक्षर तपासण्याची सवय अंगी मुरल्यामुळे असेल, माझी दृष्टी सहीच्या डावीकडे गेली. तेथे मांडलेला आकडा आणि माझ्या हाती पडलेल्या नोटा यांत जवळजवळ एक तृतीयांशाचे अंतर होते.

मी भीत भीत विचारले. मालक दुष्ट नव्हते. गीतेचा एक अध्याय वाचल्याशिवाय ते छापखान्याचे कुलूप उघडीत नसत, आणि त्या वाचनात ढोंग नव्हते हे मला आजही ठाऊक आहे. ते शांतपणे म्हणाले, "अरे, तो आकडा सरकारला दाखवायचा असतो. तू अजून शिकतो आहेस. काम करीत राहा, फळाकडे बघू नकोस. गीतेत तेच सांगितलं आहे." मी खाली मान घालून सही केली. त्या क्षणी मला अन्यायाचा राग आला नाही, लाजच वाटली. आकड्याकडे पाहिले हाच जणू माझा लोभ होता. हक्काची मजुरी मागणे हा लोभ की धर्म, हा प्रश्न त्या दिवशी मनात रुतला आणि तो निवळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आपल्याकडे श्रमाला पूजेचे स्थान देणारी संतांची परंपरा आहे. दळता कांडताना देव आठवणाऱ्या, मडकी घडविताना आणि मळा शिंपताना नाम घेणाऱ्या माणसांनी आपले कर्म ईश्वराला अर्पण केले आणि मोबदल्याचा हिशेब मांडला नाही, ही गोष्ट मराठी मुलाच्या कानावर पाळण्यापासून पडते. अशा संस्कारात वाढलेल्या कोवळ्या कामगाराला कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाची भाषा रुक्ष, भांडखोर, किंबहुना थोडीशी अधार्मिक वाटली तर नवल नाही. म्हणून कायद्याआधी धर्माचाच विचार केला पाहिजे.

फलत्यागाचा उपदेश गीतेत कोणी कोणाला केला आहे, हे प्रथम पाहावे. तो कर्म करणाऱ्याला उद्देशून आहे. आपल्या कर्माच्या फळाविषयीची आसक्ती माणसाने स्वतः, स्वतःच्या चित्तशुद्धीसाठी सोडावी असे तेथे सांगितले आहे. दुसऱ्याच्या कर्माचे फळ आपण उचलून न्यावे आणि वर त्यालाच अनासक्तीचा पाठ द्यावा, असा अर्थ त्या उपदेशातून कितीही ओढाताण केली तरी निघत नाही. शिवाय त्यागाला स्वामित्वाची पूर्वअट आहे. जे माझ्या हाती आलेच नाही त्याचा त्याग मी कसा करणार? उपवास करणाऱ्याच्या घरी धान्य असते. ज्याच्या घरी धान्यच नाही त्याच्या उपाशी राहण्याला आपण उपवास म्हणत नाही. आणि ज्या दुसऱ्या अध्यायाचा दाखला मालक देतात त्याच्या पुढचाच अध्याय त्यांनी लक्षपूर्वक वाचला, तर यज्ञचक्रातून जे मिळाले त्याची परतफेड न करता एकट्यानेच उपभोगणाऱ्याला तेथे स्तेन, म्हणजे चोर म्हटले आहे हे त्यांच्या ध्यानी येईल. म्हणजे कामगारासाठी अनासक्ती सांगणाऱ्या त्याच ग्रंथात मालकासाठीही एक शब्द आहे, आणि तो सौम्य नाही.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी मजुरीला केवळ व्यवहाराची क्षुल्लक बाब मानले होते असेही नाही. मनुस्मृतीत राजाने ज्या अठरा प्रकारच्या वादांचा निवाडा करावा असे सांगितले आहे त्यांत वेतन न देणे हा एक स्वतंत्र प्रकार आहे. जातिभेदाची कठोर विषमता उराशी बाळगणाऱ्या त्या स्मृतीलाही बुडविलेली मजुरी ही राजाच्या न्यायासनापुढे आणण्याजोगी गोष्ट वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कौटिल्याने तर मजुरी आधी ठरली नसेल तर काय करावे याचाही विचार केला. शेतकामकऱ्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या हाताखालच्या माणसाला मालाचा दहावा हिस्सा मिळावा असा त्याने दंडक घातला. "काही ठरलं नव्हतं" ही सबब त्याने चालू दिली नाही. शुक्रनीतीच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु तिच्यातील वेतनाची प्रतवारी मननीय आहे: ज्यात एकट्याचेच पोट भरते ते हीन वेतन, ज्यात अवश्य पोसावयाच्या माणसांचे भरणपोषण होते ते मध्यम, आणि ज्यात अन्नवस्त्राची पुरती सोय होते ते श्रेष्ठ, आणि हीन वेतनावर राबविलेले सेवक हे धन्याने आपल्या हातांनी निर्माण केलेले शत्रू होत, असा इशाराही तेथे आहे. इतर धर्मांकडे वळावे तर यहुद्यांच्या धर्मशास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, आणि मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचे दाम द्यावे असे वचन इस्लामी परंपरेत प्रेषितांच्या नावे सांगितले जाते. सूर्यास्त आणि घाम, या दोन्ही खुणा मजुराच्या दिवसातून आणि देहातून घेतल्या आहेत, मालकाच्या सवडीतून नव्हे.

परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर मला ग्रंथांपेक्षा एका माणसाच्या देहात सापडले. गीतेचा मराठीत समश्लोकी अनुवाद करणारे, 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणारे विनोबा 1935 च्या सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहत होते. फलत्यागाविषयी बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणाला असेल तर तो त्यांना होता. आणि या विरक्त पुरुषाने काय केले? सूत कातणाऱ्याने दिवसभर प्रामाणिकपणे काम केले तर त्या मजुरीत त्याचे पोट भरते का, हे पाहण्यासाठी ते स्वतः रोज आठ-नऊ तास कातावयास बसले. गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांनी विचारले, चरखा संघाच्या दराने तुमची कमाई किती होते? दोन-सव्वादोन आणे, असे उत्तर आले. आणि गरज किती? आठ आणे. कसबी माणूस दिवसभर राबूनही आपल्या निर्वाहापुरते मिळवू शकत नाही, या गोष्टीने गांधीजी अस्वस्थ झाले. त्याच सुमारास चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि खादी महाग होईल ही भीती खरी असूनही स्वीकारले.

हा प्रसंग आठवला म्हणजे माझ्या मनातील गुंता सुटतो. ज्याने स्वतःपुरते फळ सोडले त्यानेच दुसऱ्याच्या फळाचा आण्या-पैचा हिशेब मांडला. वैराग्य आणि वेतन यांच्यातील संबंध हाच आहे: निष्कामता हे स्वतःवर घ्यावयाचे व्रत आहे आणि न्याय हे दुसऱ्याला द्यावयाचे देणे आहे. या दोहोंची अदलाबदल झाली, म्हणजे माणूस स्वतःसाठी न्याय आणि दुसऱ्यासाठी निष्कामता मागू लागला, की धर्मग्रंथ हातात असूनही अधर्म घडतो.

नालवाडीत एका देहावर घेतलेली ती परीक्षा पुढे राष्ट्राने आपल्या कायद्यात उतरविली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना 1946 च्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळापुढे आले. स्वातंत्र्यानंतर 1948 साली त्याचा कायदा झाला. राज्यघटनेच्या 43 व्या अनुच्छेदाने त्याही पुढे जाऊन कामगाराला निर्वाह वेतन आणि सभ्य जीवनमान लाभावे हे राज्याचे ध्येय ठरविले. मग 1957 साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान म्हणजे किती, याचे माप निश्चित केले. ते माप मी प्रथम वाचले तेव्हा सरकारी दप्तरातील कागद वाचतो आहोत हे विसरून गेलो. एका कमावत्या माणसाच्या कुटुंबाला तीन प्रौढांइतका आहार धरावा, प्रत्येकी 2,700 उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च यांसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. पुढे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी चतुर्थांशाची भर घालावयास सांगितली. 72 वारांत काय काय बसते हे ज्या घरात दोन लुगडी, दोन धोतरे, पोरांचे सदरे आणि एखादी चादर यांची दिवाळीला तोंडमिळवणी करावी लागली आहे, तेथील माणसाला सांगावे लागत नाही. मनुष्याच्या प्रतिष्ठेविषयी तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. ती प्रतिष्ठा वारांत आणि उष्मांकांत मोजण्याचे धैर्य मात्र या परिषदेने दाखविले, आणि त्यामुळे तिची विटंबना झाली नाही, ती खरी झाली.

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न. मालक कमी देतो आणि कामगार राजीखुशीने घेतो, तर तिसऱ्याने मध्ये का पडावे? दोन शहाण्या माणसांचा करार पवित्र मानावयाचा नाही काय? 1948 च्या कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिले होते: किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार, तो कामगाराने कितीही संतोषाने केलेला असो, निरर्थक होय. हे प्रथम ऐकताना खटकते. माझा हक्क मला सोडता येत नसेल तर तो माझा कसला? 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने या संमतीचीच चिकित्सा केली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणारा माणूस भुकेच्या सक्तीनेच राबत असतो आणि ही सक्तीसुद्धा घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारच होय, असा तो निर्णय आहे. राजस्थानातील दुष्काळी कामावरच्या मजुरांना पुढच्याच वर्षी हाच न्याय लागू झाला. वेठ हा शब्द आपल्या रयतेच्या ओळखीचा आहे. पूर्वी ती सरकारी शिपायाच्या हाकाटीने घेतली जाई. न्यायालयाने दाखवून दिले की पोटातल्या आगीच्या हाकाटीने घेतलेली वेठही वेठच असते.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण माझ्या अनुभवाने त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली आहे, आणि ती सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. आमच्या छापखान्यात ट्रेडल यंत्र चालविणारे एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. उजव्या हाताने कोरा कागद लावावा आणि डाव्या हाताने छापलेला काढावा, या दोन हालचालींत त्यांची वीस वर्षे गेली होती. मी नोकरीला लागल्यावर सात-आठ महिन्यांनी थोरल्या मुलाच्या फीसाठी त्यांनी पगारवाढ मागितली. मालकांनी माझ्याकडे बोट दाखविले आणि म्हणाले, "हा पोरगा बघा. एवढ्यात करतो, एका शब्दाने कुरकुर नाही." मामा काही बोलले नाहीत. ते यंत्राकडे परतले, माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, आणि त्या दुपारी यंत्राचा तो ठेका मला ऐकवेना. मी माझ्यापुरता समाधानी राहिलो होतो, निदान तशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या समाधानाचे वजन मालकांनी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात, मामांच्या मुलाच्या फीविरुद्ध टाकले होते.

म्हणून मी असे मानतो की किमान वेतनाचा हक्क कामगाराला सोडता येत नाही, कारण तो त्या एकट्याचा नसतोच. पाणवठ्यावरचा एक वाटेकरी आपल्या वाट्याची पाळी सोडू शकेल, पण पाणवठ्याचा बांध फोडण्याचा अधिकार त्याला नाही. बांध फुटला म्हणजे त्याच्या वाट्याबरोबर खालच्या सर्वांचे पाणी जाते. किमान वेतन हा असा बांध आहे. त्याच्या वर जे मिळेल ते माणसाने दान करावे, देवाला वाहावे, मित्राला द्यावे. परंतु बांधाखाली उतरून काम करणारा आपल्याबरोबर आपल्या शेजाऱ्यालाही खाली ओढतो, मग त्याचा हेतू कितीही सात्त्विक असो. या दृष्टीने पाहिले म्हणजे हक्काचे वेतन मागणे स्वार्थ राहत नाही. ते आपल्याकडे ठेव म्हणून आलेल्या सामायिक धनाची राखण ठरते, आणि ठेव राखणे हा सर्व धर्मांत धर्मच मानला आहे.

तरुण कामगाराला हे समजणे विशेष कठीण जाते, आणि त्याची कारणे त्याच्या सद्गुणांतच असतात. त्याला पहिली नोकरी दिल्याबद्दल कृतज्ञता असते, मोठ्यांपुढे बोलू नये हा संस्कार असतो, आणि आपल्याला अजून काही येत नाही ही नम्रता असते. शेजारच्या घरातील एक मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला आहे; सकाळी दहाला शटर उघडतो, रात्री नऊला बंद करतो. परवा तो मला म्हणाला, "आजोबा, शेठ स्वभावानं चांगले आहेत. पगाराचं विचारलं तर वाईट दिसेल का? ते म्हणतात, तू शिकतोयस ना." हेच वाक्य मी अठराव्या वर्षी ऐकले होते. शिकणे आणि राबणे यांतला भेद त्याला मी असा सांगितला: एक दिवस तू गेला नाहीस तर तुझा पाठ बुडतो की त्यांचे दुकान अडते? पाठ बुडत असेल तर तू शिष्य. दुकान अडत असेल तर तू कामगार. खऱ्याखुऱ्या शिकाऊ उमेदवारासाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात नोंदणी आहे, करार आहे, विद्यावेतन आहे. नुसते "शिकतोयस" म्हटल्याने कोणी शिकाऊ उमेदवार होत नाही. जुन्या कायद्यात प्रौढ आणि किशोर यांना वेगवेगळे दर लावण्याची मुभा होती. 2019 च्या वेतन संहितेने दर ठरविताना कौशल्य, प्रदेश आणि कामाचे कष्ट यांकडे पाहावयास सांगितले आहे. वयाने लहान माणसाची भूक लहान नसते, हे कायद्याला उमगावयास इतका काळ लागला.

कृतज्ञतेला ज्ञानाची जोड द्यावी लागते, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टीही त्याला सांगितल्या. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. हा भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. दर कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीप्रमाणे आणि गाव कोणत्या परिमंडळात येते त्याप्रमाणे ठरतो. आपली हजेरी आणि जादा तास आपल्या वहीत रोज टिपावेत. वेतनचिठ्ठी मागावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. प्रथम मालकाशी आदराने बोलावे. न जमले तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे दाद मागावी. जुन्या कायद्यात अशा दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, नव्या संहितेत ती तीन वर्षांची आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. यात भांडण कोठे आहे? दोन्ही बाजूंनी खरे बोलावे यासाठी केलेली ही व्यवस्था आहे.

लहान मालकांची बाजूही मला दिसते. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराची स्वतःचीच ओढाताण असते, आणि पुरते वेतन द्यावयाचे तर माणूस कमी करावा लागेल हे त्याचे म्हणणे नेहमीच खोटे नसते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र किमान वेतनापुरता मालकाच्या ऐपतीचा विचार अप्रस्तुत ठरविला आहे, आणि मला त्यामागील तत्त्व योग्य वाटते. कागदवाल्याचे बिल, दुकानाचे भाडे, विजेचा आकार यांत "ऐपत नाही" ही सबब कोणी ऐकून घेत नाही. ती फक्त मजुरालाच ऐकवता येते, कारण त्याला दुसरे दार नसते. जो धंदा पुरते वेतन दिल्यास चालत नाही तो मजुराकडून दरमहा वर्गणी घेऊन चाललेला असतो, आणि त्या वर्गणीची पावतीही त्याला मिळत नाही. धंदा तगावा असे समाजाला वाटत असेल तर खादीच्या ग्राहकाने जशी वाढीव किंमत सोसली तशी सर्वांनी मिळून ती सोसावी. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोरावर तिचा भार टाकू नये.

माझे ते मालक आता हयात नाहीत आणि मामाही नाहीत. मालकांविषयी माझ्या मनात कटुता उरलेली नाही. त्यांनी गीता वाचली, फक्त ती माझ्यासाठी वाचली, स्वतःसाठी वाचावयाची राहून गेली. मामांचे ते न पाहणे मात्र अजून सलते. शेजारच्या त्या मुलाला मी वैराग्य शिकविले नाही. ते त्याला पुढे हवे तर पुरते वेतन हाती घेतल्यावर तो स्वतःच शिकेल, आणि तेव्हाच ते त्याचे स्वतःचे असेल. पगाराच्या दिवशी सही करण्याआधी डावीकडचा आकडा वाचत जा, एवढेच मी त्याला सांगितले. तो वाचताना तुझ्याबरोबर आणखी कोणीतरी तो वाचतो आहे असे समज.